सोन्यावर सोनं आपटून सिमेट्री एनर्जी: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एक पायवाट

न्यूक्लियर फिजिक्स घेतलेल्या मुलामुलींचा चौथ्या सत्रातला ठरलेला प्रश्न असतो. नागपुरात ना अ‍ॅक्सिलरेटर, ना न्यूट्रॉन डिटेक्टर, मग प्रोजेक्ट कशावर करायचा? बहुतेक जण शेवटी गायगर काउंटर आणि मातीचे नमुने यांच्याकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला थोडं कोडिंग येतं आणि ज्याच्याकडे चार कोअरचा, आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आहे, त्याला अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये बसून न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातल्या पदार्थाबद्दल खरा प्रश्न विचारता येतो. त्याची रीत इथे सांगतो. एमएस्सीचं क्वांटम आणि न्यूक्लियर झालेलं आहे, लिनक्सची काळी खिडकी पाहून घाम फुटत नाही आणि पायथॉनमध्ये लूप लिहिता येतो, एवढं धरून चालतो.

आधी प्रश्न नेमका करा

बीएस्सीला शिकलेलं वस्तुमानाचं अर्धप्रायोगिक सूत्र आठवा. त्यात न्यूट्रॉन-प्रोटॉनची संख्या असमान झाली की बंधनऊर्जा कमी करणारं एक पद आहे. सिमेट्री एनर्जी म्हणजे तेच पद, फक्त आता ते घनतेवर अवलंबून आहे असं समजायचं. अणुकेंद्राच्या नेहमीच्या घनतेला, म्हणजे दर घन फर्मीला (फर्मी म्हणजे १० चा उणे पंधरावा घात मीटर) ०.१६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) असताना, ही ऊर्जा साधारण ३० ते ३३ एमईव्ही येते. इथवर फारसा वाद नाही. घनता दुप्पट केली तर ती किती होते, यावर मात्र गेली पंचवीसेक वर्षं भांडण चालू आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात घनता आणि असमानता दोन्ही मोठ्या, म्हणून तिथल्या पदार्थाचं उत्तरही यावरच अडलंय. नेहमीच्या घनतेपाशी हा आलेख किती चढा आहे ते सांगणाऱ्या आकड्याला ‘एल’ म्हणतात. घनता नेहमीच्या घनतेच्या पटीत मोजून काढलेला उतार गुणिले तीन, ही त्याची व्याख्या.

दुप्पट घनता पृथ्वीवर मिळवायची एकच सोय आहे: जड अणुकेंद्रं एकमेकांवर आपटायची. पण अडचण कुठे आहे ते आकड्यांत बघा. सोन्यात ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन. असमानता म्हणजे ३९ भागिले १९७, सुमारे ०.२०. सूत्रात तिचा वर्ग येतो, तो ०.०३९. त्याला ३२ एमईव्हीनं गुणलं तर दर न्यूक्लिऑनमागे जेमतेम सव्वा एमईव्ही. आणि दर न्यूक्लिऑनला ४०० एमईव्ही देऊन सोनं सोन्यावर आपटलं, तर वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत दर न्यूक्लिऑनमागे ९५ एमईव्हीच्या आसपास गतिज ऊर्जा असते. पंच्याण्णवमध्ये सव्वा! सगळा प्रोजेक्ट या सव्वाला पकडण्यासाठी आहे. पुढच्या बऱ्याच पायऱ्या इतक्या किचकट का, याचं उत्तर याच आकड्यात आहे.

म्हणून ‘हेवी आयन कोलिजनचा अभ्यास’ असं ढोबळ शीर्षक देऊ नका. प्रश्न असा लिहा: सोनं-सोनं टकरीत, ४०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला, न्यूट्रॉनचा आणि प्रोटॉनचा एलिप्टिक फ्लो यांचं गुणोत्तर सिमेट्री एनर्जीच्या चढानुसार किती बदलतं? मोजता येणारी एकच राशी, बदलायचा एकच पॅरामीटर.

फ्लो म्हणजे काय, आणि तो उणे का येतो

दोन गोळे समोरासमोर न आदळता थोडे बाजूला सरकून आदळले, तर त्यांच्या केंद्रांमधलं अंतर आणि बीमची दिशा मिळून एक प्रतल ठरतं. त्याला रिअ‍ॅक्शन प्लेन म्हणतात. बाहेर पडलेला प्रत्येक कण या प्रतलाशी आडव्या दिशेत जो कोन करतो तो फाय धरा. कणांचं फायनुसार वितरण ‘१ + २ व्ही१ कॉस फाय + २ व्ही२ कॉस २फाय’ असं उलगडतात. व्ही१ हा डायरेक्टेड फ्लो, व्ही२ एलिप्टिक. प्रत्यक्षात काढायला दोन्ही सोपे आहेत. पीटी म्हणजे कणाचा आडवा संवेग, पीएक्स त्याचा प्रतलातला भाग आणि पीवाय प्रतलाला काटकोनातला. पीएक्स भागिले पीटी याची सरासरी म्हणजे व्ही१. पीएक्सच्या वर्गातून पीवायचा वर्ग वजा करून पीटीच्या वर्गानं भागायचं, त्याची सरासरी म्हणजे व्ही२.

सामूहिक प्रवाह पहिल्यांदा ठसठशीत दिसला तो १९८४ मध्ये, बर्कलेच्या बेव्हालॅकवर, प्लास्टिक बॉल नावाच्या डिटेक्टरमध्ये, आणि तोही ४०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनलाच. आपण हीच ऊर्जा घेतोय त्याचं कारण मात्र व्ही२ मध्ये आहे. या ऊर्जेला व्ही२ उणे असतो, म्हणजे कण प्रतलाच्या आत कमी आणि त्याला काटकोनात जास्त निघतात. याला स्क्वीझ-आउट म्हणतात. संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर दोन्ही टोकांना बस आडव्या लागल्या तर गर्दी आपोआप बाजूच्या गल्ल्यांत घुसते, तसंच. इथे आडव्या लागलेल्या बस म्हणजे टकरीत भाग न घेता पुढे सरकणारे स्पेक्टेटर तुकडे.

बस किती वेळ उभी असते तेही काढून बघा. सोन्याची त्रिज्या १.२ गुणिले १९७ चं घनमूळ, म्हणजे ७ फर्मी, व्यास १४. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत या ऊर्जेला बीटा ०.४२ आणि लोरेन्झ गॅमा १.१०. १४ भागिले (०.४२ × १.१०) म्हणजे ३० फर्मी/सी, सेकंदात सांगायचं तर १० चा उणे बाविसावा घात. दाबलेला पदार्थ त्याच वेळात फुटून बाहेर येतो, त्यामुळे त्याला प्रतलात वाट मिळत नाही. ऊर्जा बरीच वाढवली, दर न्यूक्लिऑनला ४ जीईव्हीच्या आसपास नेली, की स्पेक्टेटर इतक्या लवकर बाजूला होतात की व्ही२ चं चिन्ह उलटून धन होतं. मग आपल्या कामाची घडी विस्कटते. व्हायव्हात ‘४०० एमईव्हीच का?’ असं विचारलं तर या ३० फर्मी/सीचं गणित फळ्यावर मांडा.

कोड निवडणे आणि उभा करणे

टकरीतल्या प्रत्येक कणाचा प्रवास पावलापावलानं काढणारा प्रोग्रॅम म्हणजे ट्रान्सपोर्ट कोड. तो स्वतः लिहायच्या भानगडीत एका सत्रात पडू नका. फ्रँकफुर्टच्या गटानं बनवलेला ‘स्मॅश’ हा कोड खुला आहे, सी++ मध्ये आहे, मॅन्युअल चांगलं आहे आणि त्यात स्कर्म पोटेन्शियल (घनतेवरून ठरणारं, सगळ्या न्यूक्लिऑनना सारखं लागणारं) व सिमेट्री पोटेन्शियल (असमानतेमुळे लागणारं) दोन्ही आहेत. ‘यूआरक्यूएमडी’ जुना आणि भरवशाचा, पण फोरट्रानमध्ये. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात आयक्यूएमडी हा असाच आणखी एक कोड वापरून या विषयावर वर्षानुवर्षं काम झालंय. तुमच्या गाइडची तिकडे ओळख असेल तर तो रस्ताही धरता येईल. मी पुढचं सगळं स्मॅश धरून सांगतो.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाका, ड्युअल बूट करत बसू नका. स्मॅशला सीमेक, जीएसएल, आयगन आणि पायथिया ८ लागतात. यातल्या पायथियापाशी गाडी अडते. स्मॅशची प्रत्येक आवृत्ती पायथियाची एक ठरावीक आवृत्ती मागते. ‘नवीन आहे म्हणजे चांगलंच असेल’ म्हणून सगळ्यात ताजी उतरवली की कंपाइल होताना रडारड. रीडमी फाइलमध्ये जो क्रमांक लिहिलाय तोच उतरवा. एकदा बांधून झालं की इंटरनेट लागत नाही.

उन्हाळी सत्राचं काम मार्च ते मे मध्ये येतं, आणि नागपूरचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. ४५ अंशांत लॅपटॉपचे चारही कोअर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर राहिले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. दुपारी लावलेला रन रात्रीच्या दीडपट वेळ खाऊ शकतो. रात्री दहानंतर लावा, आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, कारण त्या हवेत पाणी असतं. लाईट जाते हे गृहीत धरून एक मोठा रन लावण्याऐवजी शंभर-शंभर इव्हेंटच्या (एक इव्हेंट म्हणजे एक टक्कर) वेगळ्या फाइली करा. एक गेली तर एकच जाईल.

पोटेन्शियलचे आकडे हाताने तपासा

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्कर्मचे तीन आकडे दिसतील: ए = −२०९.२ एमईव्ही, बी = १५६.४ एमईव्ही, टाऊ = १.३५. बरीच मुलं हे जसेच्या तसे ठेवून पुढे जातात. थांबा, पाच मिनिटांचं काम आहे. नेहमीच्या घनतेला दर न्यूक्लिऑनमागे फर्मी गतिज ऊर्जा सुमारे २२.२ एमईव्ही. त्यात ए चे अर्धे, −१०४.६, आणि बी भागिले (टाऊ + १), म्हणजे ६६.६ मिळवा. बेरीज −१५.८. वस्तुमानाच्या सूत्रातलं आकारमानाचं पदही सोळाच्या जवळ आहे. आता उतार बघा: गतिज ऊर्जेचे दोन-तृतीयांश १४.८, वजा १०४.६, अधिक ८९.८. बरोबर शून्य! म्हणजे या घनतेला पदार्थ स्वतःहून ना फुगतो ना आकसतो. हे तीन आकडे हवेतून आलेले नाहीत हे आता तुम्हाला स्वतःच्या हातानं पटलं. या संचाची इनकॉम्प्रेसिबिलिटी, म्हणजे पदार्थ दाबायला किती कठीण ते सांगणारा आकडा, २४० एमईव्ही आहे. मऊ संच (−३५६, ३०३, ७/६) २०० चा आणि कडक संच (−१२४, ७०.५, २) ३८० चा. ते नंतर लागतील, तेव्हा हेच गणित त्यांच्यावरही करा.

सिमेट्रीच्या पदाला जास्त वेळ द्या. लेखांमध्ये सहसा असं रूप असतं: एस(रो) = १२ × (रो/रो०) चा २/३ घात + २२ × (रो/रो०) चा गॅमा घात. रो म्हणजे घनता, रो० म्हणजे नेहमीची घनता; पहिलं पद गतिज, दुसरं पोटेन्शियल, आणि चढ बदलायची किल्ली म्हणजे गॅमा. (हा गॅमा आणि वरचा लोरेन्झ गॅमा यांचा काही संबंध नाही.) स्मॅशच्या मॅन्युअलमध्ये हेच १२.३ आणि २० असं आहे. तिथून एल काढला तर २४.६ + ६० गॅमा येतो. गॅमा ०.५ ला ५४.६, १ ला ८४.६ आणि १.५ ला ११४.६ एमईव्ही.

आता दुप्पट घनतेला काय होतं बघा. गॅमा ०.५ असेल तर एस ४७.८ एमईव्ही, १.५ असेल तर ७६.१. पण घनता निम्मी केली की चित्र उलटं: ०.५ ला २१.९ आणि १.५ ला १४.८. म्हणजे मऊ आणि कडक ही विशेषणं रो० च्या कोणत्या बाजूला उभे आहोत त्यावर ठरतात. टकरीत पदार्थ आधी दाबला जातो आणि मग विरळ होतो, दोन्ही टप्पे त्याच कणावर शिक्का मारतात. स्क्वीझ-आउट मुख्यतः दाबलेल्या टप्प्यात होतो म्हणून व्ही२ वर आपला भरवसा. बाकीच्या कित्येक राशींना हा फायदा नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कोडमध्ये गॅमा लिहिण्याआधी मॅन्युअलमधलं सिमेट्री पोटेन्शियलचं सूत्र वहीत उतरवा, आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनवरचं बल वेगवेगळं काढा. ऊर्जेच्या सूत्रातून रीतसर काढलं तर दोन पदं मिळतात. पहिलं ± २ × एसपी × (रो/रो०) चा गॅमा घात × डेल्टा. हे न्यूट्रॉनला धन आणि प्रोटॉनला ऋण लागतं. दुसरं एसपी × (गॅमा − १) × (रो/रो०) चा गॅमा घात × डेल्टाचा वर्ग. हे दोघांनाही सारखं. इथे एसपी म्हणजे पोटेन्शियल भागाचा आकडा आणि डेल्टा म्हणजे असमानता. एसपी २० आणि डेल्टा ०.१९८ घेतला तर रो० ला पहिलं पद ± ७.९ एमईव्ही. दुप्पट घनतेला गॅमा ०.५ साठी ± ११.२, गॅमा १.५ साठी ± २२.४. न्यूट्रॉन-प्रोटॉनला वेगळं करणारं काम हे पहिलं पद करतं. तुमच्या कोडमध्ये गॅमा फक्त दोघांना सारख्या लागणाऱ्या पदात शिरत असेल, तर तो कितीही फिरवा, गुणोत्तर जागचं हलणार नाही आणि तुम्ही ‘परिणाम आढळला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष लिहून मोकळे व्हाल. तसं असेल तर सोर्समधली ती ओळ गाइडसमोर बसून बदला. सी++ ची दहा-बारा ओळींची उठाठेव आहे, पण प्रोजेक्टमध्ये तुमचं स्वतःचं असं जे काही असेल ते हेच.

टकरीआधी गोळा टिकतो का ते बघा

इम्पॅक्ट पॅरामीटर, म्हणजे दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं आडवं अंतर, २५ फर्मी ठेवा. दोन्ही गोळे एकमेकांना न शिवता निघून जातील. दर १० फर्मी/सीला एका गोळ्याच्या वर्गमध्य त्रिज्येचा आलेख काढा. (गोळा धावतोय, तेव्हा बीमच्या दिशेतलं आकुंचन विसरू नका, फक्त आडव्या दोन दिशा घेऊन हिशोब केला तरी चालेल.) सोन्याची विद्युतभार त्रिज्या प्रयोगातून ५.४४ फर्मी आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपास सुरू होऊन ६० फर्मी/सीपर्यंत तिथेच रेंगाळला पाहिजे. सारखा वाढत असेल तर तो गोळा टकरीआधीच उकलतोय. मग फर्मी मोशन चालू आहे पण पोटेन्शियल बंद आहे का ते बघा. फर्मी संवेग २६० एमईव्ही/सीच्या वर असतो, त्याला धरून ठेवायला खड्डाच नसेल तर न्यूक्लिऑन पळणारच. पोटेन्शियलसोबत टाइम स्टेप ठरावीक ठेवावी लागते, ०.१ फर्मी/सी ठीक.

घनता गुळगुळीत हवी म्हणून टेस्ट पार्टिकल (प्रत्येक न्यूक्लिऑनचे अनेक तुकडे) किंवा समांतर एन्सेम्बल (पूर्ण टकरीच्या अनेक प्रती) घ्यावे लागतात. दुसरा मार्ग घ्या. एन्सेम्बलमध्ये प्रत्येक प्रत ही ३९४ न्यूक्लिऑनची खरी टक्कर असते, फक्त मीन फील्ड (घनतेवरून काढलेलं सरासरी पोटेन्शियल) सगळ्यांचं सामायिक. पुढे क्लस्टर, म्हणजे ड्यूटेरॉनसारखे न्यूक्लिऑनचे छोटे गट, जोडताना याचा उपयोग होतो. टेस्ट पार्टिकलमधून ड्यूटेरॉन जोडायला गेलात तर कोणाचा हात कोणाच्या हातात हेच कळत नाही.

किती इव्हेंट पुरतील

कॉस २फायचा विखुरलेपणा ०.७०७ असतो, म्हणून व्ही२ मधली त्रुटी ०.७०७ भागिले कणसंख्येचं वर्गमूळ. समजा व्ही२ उणे ०.०५ च्या घरात आहे आणि गुणोत्तरातली त्रुटी ५ टक्क्यांत हवी. न्यूट्रॉन-प्रोटॉन दोघांची त्रुटी मिळते म्हणून प्रत्येकाला ०.००१८ च्या आत राहावं लागेल. त्यासाठी निवडलेल्या खिडकीत सुमारे १ लाख ६० हजार न्यूट्रॉन लागतात. एका इव्हेंटमधून खिडकीत वीसेक पडत असतील तर आठ हजार इव्हेंट. आणि हे गॅमाच्या एका किमतीसाठी. तिन्हींसाठी चोवीस हजार. आधी दहा इव्हेंट चालवा, घड्याळ लावा, गुणाकार करा, आणि सत्र संपायच्या आत बसतंय का ते गाइडला सांगा.

चार कोअरवर चार रन लावताना रँडम सीड वेगळा आहे ना ते बघा. एकच ठरावीक सीड कॉपी-पेस्ट झाला तर चारही कोअर तेच इव्हेंट घडवतात. आलेख देखणा दिसतो, त्रुटी निम्मी झाल्यासारखी वाटते, आणि सगळं खोटं असतं.

इम्पॅक्ट पॅरामीटर ५.५ ते ७.५ फर्मी ठेवा, निवड ‘क्वाड्रॅटिक’ (मोठं अंतर त्याच्या प्रमाणात जास्त वेळा), शेवटची वेळ १०० फर्मी/सी.

विश्लेषण

बाहेर आलेल्या यादीतून आधी रॅपिडिटी, म्हणजे बीमच्या दिशेतल्या वेगाचं सापेक्षतेतलं माप, काढा. या ऊर्जेला बीमची रॅपिडिटी ०.८९३, तिचा निम्मा ०.४४७. कणाची वस्तुमानकेंद्रातली रॅपिडिटी ०.४४७ नं भागली की प्रक्षेप्य १ वर आणि लक्ष्य −१ वर येतं. प्रयोगवाले हीच भाषा बोलतात. व्ही२ साठी −०.२५ ते ०.२५ ची खिडकी घ्या.

मुख्य आलेखाआधी तीन उपतपासण्या. व्ही१ रॅपिडिटीनुसार काढा. दोन्ही गोळे सारखेच असल्यानं तो मध्यभागी शून्यातून जाऊन दोन्हीकडे विरुद्ध चिन्हाचा यायला हवा. कॉसच्या जागी साइन घालून तीच सरासरी काढा, त्रुटीच्या आत शून्य आली पाहिजे. पोटेन्शियल पूर्ण बंद करून एक छोटा रन करा, त्यात स्क्वीझ-आउट ठळकपणे कमी झालेला दिसायला हवा. तिन्ही जमल्याशिवाय गॅमाला हात लावू नका.

मॉडेलमध्ये रिअ‍ॅक्शन प्लेन आयतं मिळतं, कारण इम्पॅक्ट पॅरामीटर एक्स अक्षावरच ठेवलेला असतो. प्रयोगात ते माहीत नसतं. म्हणून एक सुंदर सराव करून बघाच. प्रत्येक इव्हेंट मनाला येईल त्या कोनात फिरवा आणि तो कोन विसरून जा. मग दानिएलेविच आणि ओडिनिएत्स यांनी १९८५ मध्ये दिलेली पद्धत वापरा: पुढच्या बाजूच्या कणांचे आडवे संवेग धन वजनानं आणि मागच्या बाजूच्यांचे ऋण वजनानं मिळवून क्यू सदिश बनवा, त्याची दिशा हेच प्लेन. ज्या कणाचा कोन मोजताय त्याला बेरजेतून वगळा, नाहीतर तो स्वतःच्याच दिशेला प्लेन ओढून घेतो. इव्हेंटचे यदृच्छ दोन भाग करून दोन्ही प्लेनमधल्या फरकावरून रेझोल्यूशन (काढलेलं प्लेन खऱ्याच्या किती जवळ आहे ते) काढा आणि निरीक्षित व्ही२ ला त्यानं भागा. व्ही२ साठीचं रेझोल्यूशन व्ही१ च्या रेझोल्यूशनहून कमी असतं, हे आकडा समोर आल्यावर नीट लक्षात राहतं. उत्तर आयत्या प्लेनच्या उत्तराशी जुळलं की प्रयोगातला हा अर्धा भाग तुम्हाला घरबसल्या कळला.

आता क्लस्टर. या ऊर्जेला बरेच प्रोटॉन सुटे निघतच नाहीत, ड्यूटेरॉन, ट्रिटॉन, हेलियम यांत अडकून बाहेर पडतात. कोडमधले सगळे न्यूक्लिऑन सुटे धरले तर गुणोत्तर भलतंच येतं. साधी कोअलेसन्स (जवळजवळच्या न्यूक्लिऑनना जोडायची रीत) पुरते: दोन न्यूक्लिऑनच्या जोडीच्या स्थिर चौकटीत अंतर ३ ते ४ फर्मीच्या आत आणि संवेगातला फरक ०.२५ ते ०.३ जीईव्ही/सीच्या आत असेल तर ते एकत्र. हे दोन आकडे थोडे हलवून गुणोत्तर किती हलतं ते अहवालात द्या. शिवाय तीन राशी शेजारी मांडा: सुटे न्यूट्रॉन भागिले सुटे प्रोटॉन, न्यूट्रॉन भागिले हायड्रोजनचे सगळे आयसोटोप, आणि न्यूट्रॉन भागिले सर्व विद्युतभारित कण. जर्मनीतल्या जीएसआयच्या जुन्या फोपी-लँड प्रयोगाच्या माहितीत दुसरी राशी वापरली गेली, तर तिथेच २०११ मध्ये झालेल्या एएसवाय-ईओएस प्रयोगात तिसरी.

गॅमा फिरवा, मग बाकी सगळं फिरवा

०.५, १ आणि १.५ अशा तीन किमतींना गुणोत्तर काढा. अपेक्षा अशी की गॅमा वाढला की दाबलेल्या भागात न्यूट्रॉन जास्त ढकलले जातील, त्यांचा स्क्वीझ-आउट वाढेल आणि गुणोत्तर वर जाईल. उलटं आलं तर चिन्ह कुठेतरी चुकलंय.

इथवर आल्यावर मुलं थांबतात. मला विचाराल तर प्रोजेक्टला वजन इथून पुढे येतं. गॅमा १ वर ठेवून मघाचे मऊ आणि कडक स्कर्म संच लावा. न्यूट्रॉनचा व्ही२ आणि प्रोटॉनचा व्ही२ प्रत्येकी बऱ्यापैकी हलतील. गुणोत्तर त्यामानानं कमी हलायला हवं, कारण दोघांना सारखं लागणारं बल भागाकारात बरंचसं कापलं जातं. मग न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन काटछेद (क्रॉस सेक्शन, म्हणजे दोघांची टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) थोडा वरखाली करून तेच बघा. या दोन ढवळाढवळींत गुणोत्तर जितकं हललं तेवढी तुमची पद्धतशीर त्रुटी. ती गॅमाच्या ०.५ ते १.५ मधल्या फरकाइतकीच निघाली, तर तसं प्रामाणिकपणे लिहा. तेही उत्तरच आहे.

वेळ उरला तर रुथेनियम-९६ आणि झिर्कोनियम-९६ घ्या. वस्तुमानांक एकच, म्हणून भूमिती जवळपास तीच. असमानता मात्र ०.०८३ आणि ०.१६७, बरोबर दुप्पट. जीएसआयमध्ये ४०० एमईव्हीलाच या जोडीवर प्रयोग झालेले आहेत. सिमेट्रीचा परिणाम खरा असेल तर झिर्कोनियममध्ये तो ठळक दिसेल.

आपला आकडा कोणाशेजारी ठेवायचा

एएसवाय-ईओएसनं २०१६ मध्ये दिलेलं उत्तर: गॅमा ०.७२ ± ०.१९, एल ७२ ± १३ एमईव्ही. त्यांच्या १२ आणि २२ च्या रूपात एल = २४ + ६६ गॅमा येतो; ०.७२ घालून ७१.५ मिळतं का बघा. स्मॅशच्या १२.३ आणि २० मध्ये तोच गॅमा ६७.८ देतो. म्हणून दोन मॉडेलांचे गॅमा थेट शेजारी ठेवू नका, एलमध्ये बदलून मगच तुलना करा.

जपानच्या रिकेनमध्ये टिनचे न्यूट्रॉनबहुल आयसोटोप २७० एमईव्हीला आपटून पायॉनच्या गुणोत्तरावरून २०२१ मध्ये एल ४२ ते ११७ च्या दरम्यान ठरवला गेला. अमेरिकेतल्या प्रेक्स-२ प्रयोगानं शिशाची न्यूट्रॉन त्वचा (न्यूट्रॉनची त्रिज्या वजा प्रोटॉनची) ०.२८३ ± ०.०७१ फर्मी मोजली, त्यातून काढलेला एल १०६ ± ३७, म्हणजे चढा. पाठोपाठ क्रेक्स या तिथल्याच प्रयोगानं कॅल्शियम-४८ ची त्वचा ०.१२१ फर्मी सांगितली, जी पातळ आहे आणि दुसऱ्या बाजूला ओढते. या दोघांना एकाच मॉडेलमध्ये बसवताना भल्याभल्यांची दमछाक होतेय. २०२२ मध्ये टकरींची माहिती आणि न्यूट्रॉन ताऱ्यांची निरीक्षणं एकत्र करून १.४ सौरवस्तुमानाच्या ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास काढली गेली. त्यात एएसवाय-ईओएसचा हा व्ही२ वापरलेला आहे. तुमचा लॅपटॉपवरचा आलेख या साखळीत नेमका कुठे बसतो, यावर अहवालात एक पान खर्च करा.

तुमच्या कोडला प्रयोगाशी थेट ताडायचं असेल तर हेपडेटा या खुल्या संकेतस्थळावर जीएसआयमधल्या हेडीस (HADES) डिटेक्टरच्या सोनं-सोनं, १.२३ जीईव्ही प्रति न्यूक्लिऑन मोजणीतले प्रोटॉन, ड्यूटेरॉन आणि ट्रिटॉनचे व्ही१, व्ही२ मिळतात. ऊर्जा बदलून एक रन करा आणि त्यावर टाका. तंतोतंत जुळणार नाही. स्कर्मच्या साध्या रूपात संवेगावर अवलंबून असणारं बल नाही, आणि फरकाचा मोठा वाटा तिथून येतो. एक्स्टर्नलला हे विचारायला आवडतं.

जमा करायच्या वेळी

कोडची आवृत्ती, पायथियाची आवृत्ती, प्रत्येक रनची कॉन्फिगरेशन फाइल, सीड, आणि तुम्ही बदललेली सिमेट्रीची ओळ परिशिष्टात छापा. कणांच्या मूळ याद्या जीबींत जातात, त्या सांभाळत बसण्यापेक्षा हिस्टोग्राम ठेवा; सीड असेल तर यादी पुन्हा घडवता येते. त्यासाठी सुरुवातीपासून सीड स्वतः लिहून द्यावा लागतो, कोडला ऋण आकडा देऊन ‘तूच ठरव’ म्हटलंत तर तो आउटपुटमधून शोधून टिपून ठेवा. विश्लेषणाची पायथॉन फाइल पुढच्या बॅचच्या कोणाला तरी देऊन, तुम्ही शेजारी न बसता, ती चालते का ते जमा करण्याआधी बघून घ्या.